नानाजीचा हात

नानाजीनं. दुसऱ्या कोनाचं नाव लिहू नका तुमच्या त्या वहीत — नानाजीनं बुडवला तुमचा इमा. प्रेसिडेंट उत्तमराव नाई, सरकार नाई, नानाजीनं. तो पाहा, ओट्याच्या त्या टोकाले वांग्याच्या टोपल्यामांगं बसला हाय, डोक्याले लाल फडकं गुंडाळेल — तोच. माहा बाप हाय तो. काहून दचकले? मोठ्यानंच बोलून राह्यलो मी, ऐकू द्या त्याले, कान चांगले हायत त्याचे. बसा न सायब. कोट काढा, इथी कोनी पाहत नाई. शेलूबाजारची मोटर भरल्याबिगर निंगत नाई, अन बाजाराच्या दिवशी बायका टोपल्या इकल्याबिगर मोटरीत चढत नाईत, म्हनजे घंटा-दीड घंटा तुमाले माहंच तोंड पाहा लागते.

मुनशिपाल कमेटीच्या हापिसात जाऊन आले म्हने? काय म्हने बाबू — ‘फाइल पाहून सांगतो’? सकाळपासून तेच? अबे फाइल कुठी हाय! ती उंदरायनं खाल्ली, नाई त त्यानं रद्दीत देली. अन ज्यानं तुमाले चिठ्ठी धाडली तो जगदेव वकील, तो त गाव सोडूनच गेला, अकोल्याच्या कोर्टात हाय आता. दोन सालाची जुनी चिठ्ठी घेऊन आले तुमी, सायब. तुमच्या इमा कंपनीत कोनी झोपलं होतं का तिच्यावर? हासता काय? बरं हासा. तुमाले कोनी खरं सांगनार नाई इथी, सारे एकामेकाचे सोयरे. मी सांगतो. मी ना मेंबर, ना नोकर, ना कोनाचा जावई. शिकलो म्हना थोडा, वाशीमले, आठवीपावेतो. मास्तर म्हने उभा राह्य, मी म्हनलं मले बसाचं हाय. सुटली शाळा. फी भाऊ भरे माही — ते जाऊ द्या, ते तुमच्या कामाचं नाई.

अडतीस सालची गोष्ट. कमेटीचे कायम नोकर मोजून पंचवीस-तीस — दिवाबत्तीवाले, झाडूवाले, नाक्यावरचे, अन इहिरीवाले सहा जन. नाल्याच्या काठी मोठी इहीर हाय न, अर्धं गाव पानी पेते जिचं? तिचा दोर, तिची चाकं, तिचा गाळ, सारं त्या सहा जनायच्या हाती. त्याच्यात माहा मोठा भाऊ रामकिसन. जगदेव वकील बी मेंबर, त्यानं ठराव आनला का कमेटीनं आपल्या नोकरायचा इमा उतरवावा, अर्धा हप्ता कमेटीचा, अर्धा नोकराचा. कामावर मानूस मेला का लुळा झाला त घरच्यायले एकदम रक्कम. सिधी गोष्ट होती, तुमी सांगालच मले का सिधी होती. पन त्याच बैठकीत उत्तमरावानं दुसरा ठराव टाकला — शिल्लक पडेल पैशात बाजाराचे ओटे बांधा. गावसुधारना! हेच ओटे, ज्याच्यावर आपन बसलो. म्हनजे थैली एक, अन तोंडं दोन. इमा उतरवा नाई त ओटे बांधा.

आता कोनी म्हनन ओटे काय वाईट हायत. नाई वाईट. मी कधी म्हनलं वाईट? आमी माळी लोकं, आमच्या बायका जलमभर याच जागी चिखलात बसल्या. माही माय बसली चाळीस साल. पावसाळ्यात मेथीची जुडी चिखलानं भरली का गिऱ्हाईक दोन बोटानं उचलून फेकून दे, अन माय ती जुडी लुगड्यानं पुसून परत मांडे. पायाच्या बोटायच्या बेचक्यात कुजे तिच्या. तशीच मेली. बुढ्याच्या डोक्यात तेच बसेल होतं, मले का समजत नाई? समजते. समजून बी मले त्याची किळस येते, हे सांगून राह्यलो मी तुमाले.

मेंबर अकरा. एक सरकारनं नेमेल बापूराव, बाकीचे निवडून आलेले, अन त्याच्यात माळीपुऱ्याचे मेंबर म्हनून नानाजी. वाचता येत नाई, लिहिता येत नाई, हातात अंगठा हाय तेवढं भांडवल. त्या दिवशी मी हापिसाच्या ओसरीत होतो, खिडकीपाशी, सारं ऐकलं. बैठक काय होती — आठवडी बाजार बरा! एक मेंबर पान थुकून राह्यला खिडकीतून, माह्या पायापाशी. एक घोरून राह्यला. जगदेव वकील उभा राहून समजावते का कापसाच्या गिरन्यायमधे आता असं करतात, तसं करतात, तर बापूराव म्हने, ‘वकीलसाहेब, माह्या आज्यानं कोनता इमा उतरवला होता? नव्वद सालाचा होऊन गेला.’ सारे हासले. अरे, तुह्या आज्यानं जिंदगीत बाजेवरून खाली पाय ठेवला नाई, त्याले काय होते मराले? नव्वद काय, दोनशे जगला असता. मंग उत्तमराव. तो म्हने, ‘मानसाच्या मरनावर सट्टा लावाचा का आपन? हे आपल्या धर्मात बसते का?’ — अन हा उत्तमराव कोन, सायब? रोज अकोल्याहून रुईचा भाव येईपावेतो ज्याले जेवन जात नाई, तो! सट्ट्यात दोन वावरं घातले त्यानं. रुईवर सट्टा चालते, पन इहिरीत उतरनाऱ्याच्या बायकोले चार पैसे भेटले का धर्म बुडते. या बुढ्यायचा धर्म असाच हाय, दुसऱ्याच्या घरात बुडते, सोताच्या घरात तरंगते.

हात वर करा म्हनलं. इम्यासाठी पाच हात. ओट्यासाठी पाच. अन नानाजी बसून. उत्तमराव म्हने, ‘काय नानाजी, झोप लागली का?’ मंग हा उठला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठला, तसा रोज उठते वाफ्यातून. म्हने, ‘माहा पोरगा तुमच्या नोकरीत हाय. माह्या तोंडानं मी त्याच्या मरनाचा भाव ठरवनार नाई. बायकायले बसाले ओटे बांधा.’ अन हात वर केला. असा. बोटं फाकवून. वा नानाजी, वा नानाजी — उत्तमरावानं गळ्यात हात टाकला त्याच्या! जो कधी माळ्याच्या घरचं पानी पेला नाई त्यानं गळ्यात हात टाकला. अन बुढा लाजला, सायब. नव्या नवरीवानी लाजला.

ओटे झाले. फरशी लागली — ती तिकडे, खांबाले — अकराही नावं कोरेल. अन बसते कोन? पाहा तुमीच. कपड्यावाला, बांगड्यावाला, मसालेवाला. ओट्याचा लिलाव झाला, ज्यायच्यापाशी नगद होतं त्यायनं घेतले. माळनी पाहा खाली, त्याच जागी, त्याच चिखलात. फक्त आता त्यायच्या डोक्यावर ओट्याच्या छपराचं पानी गळते, हा एवढा सुधार झाला. नानाजीले टोकाचं हे वीतभर देलं, मेंबर म्हनून.

काय म्हनता? इहिरीचं? सांगतो न, तेच सांगून राह्यलो.

आखाजीच्या, म्हनजे तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या, आंदी इहिरीचा गाळ काढतात. आखाजीले घरोघरी पितरायच्या नावानं कोरी घागर भरतात न, मंग पानी साफ पायजे. मेलेल्यायले गढूळ पानी चालत नाई आमच्या गावात. जितायले सालभर चालते. मांगच्या साली मेंबर लोकं उशिरा जागे झाले — आखाजी दोन दिवसावर, अन गाळ तसाच. उत्तमराव सोता आला काठावर, छत्री घेऊन. रीत अशी हाय का आंदी दोराले कंदील बांधून खाली सोडाचा. कंदील विझला त खाली हवा खराब हाय, मानूस उतरत नाई. हे लहान लेकराले बी मालूम हाय. पन त्या दिवशी कंदिलात घासलेट नव्हतं. कोनीतरी बत्तीवाल्याकडे जाऊन आनलं असतं — पाव घंट्याचं काम. उत्तमराव म्हने, ‘अरे, दर साली उतरता, आज काय इहीर बदलली का?’ अन रामकिसन म्हने, ‘जाऊ द्या, मी उतरतो.’ तो असाच होता. कोनी म्हनलं नाई का उतर. कोनी म्हनलं नाई का नको उतरू. दहा वाजले असन सकाळचे. कमरेले दोर लावला अन गेला. दोन टोपल्या गाळ वर आला. तिसरी टोपली आलीच नाई. वरून हाक मारली, जबाब नाई. खेमा हाय न, त्याच्या जोडीचा, त्यानं नाकातोंडाले वलं फडकं बांधलं अन उतरला. काढलं त्यानंच. वर आनून काठावर निजवला. तोंडात गाळ नव्हता, आंगावर खरोच नव्हती. झोपल्यावानी. मी मेथी खुडत होतो वावरात, मले सांगाले आले तवा मी पहिल्यांदा म्हनलं, पाय मोडला का?

नानाजी काठावर होता. मेंबर म्हनून आला होता, पाहनीले.

मंग कमेटीची बैठक झाली. दुखवट्याचा ठराव झाला — तो मात्र अकरा हातानं झाला, त्याच्यात कोनाले काई कठीन गेलं नाई. उभे राह्यले म्हने दोन मिनटं. अन रामकिसनच्या बायकोले, रंगूबाईले, माह्या वहिनीले, एका महिन्याचा पगार अन सालभर या ओट्याची जागा फुकट. इम्याचे पाचशे भेटले असते, सायब. तुमच्याच कागदावर लिहेल होतं, पाचशे. पाचशात काय नसतं झालं? नाल्यापल्याडचा बगीचा तवा इकाले होता, मोटेसगट. त्याच्यात ती अन तिची पोरगी अन मी मिळून — म्हनजे ती अन तिची पोरगी जगल्या असत्या, कोनाचं तोंड न पाहता. ती दोन बाजार बसली इथी ओट्यावर. दोनच. तिसऱ्या बाजाराच्या दिवशी टोपली भरली अन मंग तशीच खाली ठेवली. नानाजीले म्हने, ‘मामंजी, तुमी बायकायले बसाले ओटे मांगतले. मी बसून पाह्यलं.’ एवढंच बोलली. आवाज बी चढवला नाई. तिचा भाऊ केनवडहून गाडी घेऊन आला, तिले अन पोरीले, गोमतीले, घेऊन गेला. भावाच्या घरी बिगर पैशाची बहीन किती दिवस खपते? पोळ्याच्या आंदीच तिचा पाट लावून देला, मानोऱ्याकडच्या एका बिजवराशी. पोरगी संग गेली. आता ती त्याले बाबा म्हनत असन. म्हनावंच लागन न, पोटाचा सवाल हाय.

मी या बुढ्यायले ओळखून हाव, सायब. यायच्या तोंडी देव, यायच्या तोंडी पितर, अन यायच्या हातानं पोरं मरतात. एक बी असा नाई गावात का ज्याच्या पाया पडावं. पाया पडाले गेलं त पाय मांगं घेत नाईत, डोक्यावर ठेवतात.

काय? काय इचारलं?

कागद त्याले कोनी वाचून दाखवला होता का नाई — हे कायले पायजे तुमाले? कंपनी इचारते का असं? …जरा इकडे सरका. या खांबामांगं या. हळू बोला, त्याले ऐकू जाईन. कान चांगले हायत त्याचे.

मी दाखवला. दुसरा कोन दाखवनार? घरात वाचनारा मी एकटाच. बैठकीच्या दिवशी सकाळी आनला त्यानं कागद, चुलीपाशी बसला. रामकिसन कामावर जाच्या आंदी भाकर खाऊन राह्यला, वहिनी थापून राह्यली. बुढा म्हने, ‘वाच बरं, काय लिहेल हाय.’ अन मी — आता तुमाले काय सांगू — आदल्या दिवशी या बुढ्यानं चार लोकायत म्हनलं होतं का माहा धाकटा शाळेतून परत आलेला बैल हाय, नांगराले बी चालत नाई अन इकला बी जात नाई. लोकं हासले. ते डोक्यात होतं. मी कागद घेतला अन म्हनलं, ‘ऐक मेंबर, तुह्या पोराचा भाव.’ अन वाचला, जसा खाटीक दुकानात ओरडते तसा — रामकिसन मेला त पाचशे! रामकिसनचे दोन्ही डोळे गेले त पाचशे! एक हात गेला त अडीचशे! एक पाय, अडीचशे! असं. हात चिरून दाखवत, असं. रामकिसन हासला. म्हने, ‘अन कानाचं काई नाई का बे? कान मोठे हायत माहे.’ त्याले काईच वाटलं नाई. पन वहिनीचा हात भाकरीवर तसाच राह्यला, भाकर करपली, अन ती उठून मीठ अन मिरच्या घेऊन आली, रामकिसनवरून उतरून चुलीत टाकल्या. खोकत राह्यलो सारे.

कागदावर ‘नोकर’ लिहेल होतं, सायब. ‘नोकर मयत झाल्यास.’ रामकिसन कुठीच लिहेल नव्हतं.

मंग बुढ्यानं मले इचारलं. सारे उठून गेल्यावर. एकदाच इचारलं, पन बरोबर इचारलं, डोळ्यात पाहून — ‘गंमत राहू दे. हे चांगलं हाय का वाईट हाय, तेवढं सांग मले. मले समजत नाई.’ साऱ्या जलमात त्यानं मले पहिल्यांदा काई इचारलं. अन मले मालूम होतं. मले सारं मालूम होतं, जगदेव वकिलानं मलेच आंदी समजावलं होतं, त्याच्या मसुद्याची नक्कल मीच लिहून देली होती, माहं अक्षर चांगलं म्हनून. एक ‘हो’ म्हनाचं होतं. मी म्हनलं, ‘मेंबर तू हाय का मी? वाटलं तिथी लाव अंगठा.’ अन निंगून गेलो. अन दुपारी बैठकीत ओसरीत उभा राह्यलो, खिडकीपाशी, तो उठला तवा त्यानं इकडे पाह्यलं बी, खिडकीकडे. मी दुसरीकडे पाह्यलं. मले वाटलं होऊ दे फजिती बुढ्याची.

तुमी बी काय लोकं हा — कागद असा कोनी लिहिते? हात इतके, पाय इतके. दुसऱ्या शब्दात नाई लिहिता येत? मानसाले वाचून… नाई, तुमचं बी काय. लिहिनाऱ्यानं बरोबरच लिहिलं.

त्यानं कोनाले सांगतलं नाई. आजपावेतो नाई. सारं गाव म्हनते नानाजीनं सोताचा पोरगा घालवला, उत्तमराव बी आता तसंच म्हनते, वहिनीनं बी तेच धरलं, अन हा वांगे तोलते. एकदा त म्हनाचं होतं त्यानं, का या बैलानं मले असं वाचून दाखवलं. एकदा त माराचं होतं मले. मी वाट पाह्यली. दर बाजाराले याच्या समोर बसून मी लोकायले सांगतो, मोठ्यानं सांगतो, का याच्यापायी झालं, अन तो मान वर करत नाई. आता बी करून नाई राह्यला. पाहा.

नाई, सल्ला नका देऊ. तुमाले सल्ला मांगतला का मी? तुमी वहीवाले लोकं, तुमच्यापाशी साऱ्याचा इलाज हप्त्यानं. उठा. मोटर भरली, डायवर हांडल मारून राह्यला. उठा म्हनलं न, कोट राह्यला तुमचा, हा घ्या. उत्तमरावाच्या घरी जाऊ नका, तो तुमाले चहा पाजन अन काईच करनार नाई. जा तुमी.

भाऊ मेला. वहिनी अन गोमती दुसऱ्याच्या घरी गेल्या. बाप अन मी एका घरात हाव, अन साल झालं, आमी एकामेकाशी बोललो नाई.